चॉकलेट बोर्डवर चॉकलेट कमीच घाल

अगं, तुझी यादी वाचली. ब्राउनी, चॉकलेट केक, चॉकलेट कुकीज, ट्रफल्स, चॉकलेटात बुडवलेले वेफर रोल, तीन तऱ्हेची चॉकलेटं आणि मधोमध चॉकलेट सॉसची वाटी. नव्या घरातली तुझी पहिली नाताळची पार्टी, पंधरा माणसं येणार, त्यामुळे सगळं भरभरून असावं असं तुला वाटणं मी समजू शकते. तरी ताई म्हणून सांगते, यातलं निम्मं काढून टाक. चॉकलेट बोर्डवर चॉकलेट निम्म्याहून कमी असावं, हे माझं अगदी पक्कं मत आहे. ते तुझ्या गळी उतरावं म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

कारण साधं आहे. चॉकलेटमधलं कोको बटर आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा कमी तापमानाला, साधारण ३३-३४ अंशांना वितळतं. म्हणून तर ते जिभेवर ठेवल्याठेवल्या विरघळतं आणि आपण डोळे मिटून घेतो. पण त्याच स्निग्धतेचा थर जिभेवर बसतो. दुसऱ्या तुकड्याला पहिल्याची मजा येत नाही, तिसऱ्याला जीभ कंटाळते. मग पाहुणे पाणी मागतात, ‘खूप झालं गं’ म्हणतात आणि बोर्डपासून लांब जाऊन बसतात. त्यांचं पोट भरलेलं नसतं, तोंड थकलेलं असतं. मध्ये काहीतरी आंबट आलं की तो थर कापला जातो. मीठ आलं की कडूपणा दबतो आणि गोडी पुढे येते. कुरकुरीत काही आलं की दातांना काम मिळतं. आंबट, खारट, कुरकुरीत ही तीन माणसं बोर्डवर हजर असली, तर चॉकलेटचा प्रत्येक तुकडा पहिल्यासारखा लागतो आणि माणसं तासभर तिथंच घोटाळत गप्पा मारतात. बोर्ड मांडायचा तो त्यासाठीच ना? नाहीतर केक कापून बशीतून वाटला की काम झालं.

आंबटापासून सुरुवात करू, कारण डिसेंबरात आपल्याकडे त्याची चंगळ असते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात आलेली असते. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण खोक्यावरच्या नावापेक्षा फळाकडे बघ. देठापर्यंत लाल असलेली, मध्यम आकाराची, सुगंधी फळं निवड. वरच्या थरात टपोरी फळं आणि खाली चेपलेली असं असतं, म्हणून खोकं उलटं करून खालूनही बघून घे. स्ट्रॉबेरी जरा आंबट निघाली तर हिरमुसू नकोस, चॉकलेटसोबत आंबटच हवी. नागपूरची आंबिया बहाराची संत्रीही याच दिवसांत असतात. फोडी सुट्या करून, पांढऱ्या शिरा काढून, स्वच्छ सुती कपड्यावर दोन-तीन तास पंख्याखाली पसरून ठेव. वरची त्वचा कागदासारखी कोरडी होते, आत रस तसाच राहतो. अशी फोड अर्धी काळ्या चॉकलेटात बुडवली की चावताना आधी कडक कवच फुटतं आणि मग तोंडात रसच रस. माझ्या मते अख्ख्या बोर्डवर याहून चांगला घास नाही.

आणि आता जे सांगते ते नक्की कर. आईने दिलेली आंबापोळी तुझ्या फ्रिजमध्ये असेलच. तिच्या बोटभर लांब पट्ट्या काप आणि एक टोक काळ्या चॉकलेटात बुडवून बटर पेपरवर ठेव. आंब्याचा आंबटगोड चिवटपणा आणि चॉकलेटचा कडूपणा यांची जोडी फार छान जमते. फणसपोळीही चालते, पण तिचा वास चॉकलेटवर चढतो, म्हणून थोडीच ठेव. गोव्याहून कुणी येणार असेल तर पेराड मागव, पेरूची ती लालसर, घट्ट वडी. तिचे बोराएवढे तुकडे काळ्या चॉकलेटच्या शेजारी ठेव, बुडवू नकोस. खाणाऱ्याने दोन्ही एकदम तोंडात टाकावं. आवळा कँडीही चालेल, पण साखरेत घोळलेली नको, वर साखर न लावलेली बघ.

खारटासाठी बाजारातल्या परदेशी प्रेट्झेलवर पैसे घालवायची गरज नाही. बेकरीतली खारी आण. पापुद्रे सुटणारी ताजी खारी चॉकलेट सॉसमध्ये बुडवून खाल्ली आहेस कधी? एकदा खा. मोठी खारी पाहुण्यांना अवघड जाते, कपड्यांवर पापुद्रे सांडतात, म्हणून बेकरीवाल्याकडे छोटी खारी माग. बरोबर खारे काजू, खारे शेंगदाणे, तुपावर परतून मीठ भुरभुरलेले मखाणे. मखाणे मला फार आवडतात बोर्डवर. हलके असतात, रिकाम्या जागा भरतात आणि पांढरे असल्याने काळ्या-तपकिरी रंगात उठून दिसतात. फक्त त्यांना तिखट-मसाला लावू नकोस, मीठ पुरे.

कुरकुरीतासाठी चिक्की. शेंगदाण्याची जाड चिक्की दाताला लागते, म्हणून पातळ लाटलेली शेंगदाण्याची नाहीतर राजगिऱ्याची घे आणि हातानेच वेडेवाकडे तुकडे कर. पुण्याहून कुणी येत असेल तर श्रूसबरी बिस्किटं सांगून ठेव. लोणावळ्यावरून गाडी येणार असेल तर कूपरचा चॉकलेट-अक्रोड फज. फज मऊ असतो, गोडही चांगलाच असतो. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कर, त्याहून मोठे नकोत.

आता मूळ चॉकलेटकडे येते. तुझ्या यादीत ‘डार्क चॉकलेट’ एवढंच लिहिलं आहेस. त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू मावतात, आणि दुकानात त्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. पाकीट उलटं करून घटक वाच. कोको सॉलिड्स आणि कोको बटर लिहिलं असेल तर ते खरं चॉकलेट. कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड, म्हणजे केकवाल्या बायका किलोकिलोच्या लाद्या आणतात ते. कंपाउंड वाईट नाही. ते वितळवायला सोपं, पटकन घट्ट होतं, उकाड्यात टिकतं, स्वस्त पडतं. पण नुसतं खाल्लं तर तोंडात मेणासारखा थर राहतो. म्हणून माझा नियम असा, जे नुसतं उचलून खायचं ते खरं चॉकलेट हवं, जे फक्त वर लावायचं तिथे कंपाउंड चालेल. पंधरा जणांत दोन-तीन जण तरी चॉकलेटचे दर्दी असतात आणि ते आधी नुसता तुकडा उचलतात.

खऱ्यामध्येही फार टक्केवारीच्या मागे लागू नकोस. अमूलचं ५५ टक्क्यांचं सगळ्यांना आवडतं आणि सॉस, ट्रफल दोन्हीला उपयोगी पडतं. एक ७० ते ७५ टक्क्यांचं ठेव, ते आंबापोळी आणि पेराडबरोबर खुलतं. ९० आणि ९९ टक्क्यांच्या वाटेला पार्टीत जाऊ नकोस, एक-दोघांच्या हौसेसाठी बाकीच्यांची तोंडं कडू होतात. एक दुधाचं चॉकलेट मुलांसाठी. पांढरं हवंच असेल तर थोडं घे आणि आंबट फळाला लाव, एरवी ते फार गोड. आणि जमलं तर आपल्याच देशात पिकलेल्या कोकोचं एक चॉकलेट घे. केरळात इडुक्कीला, तामिळनाडूत पोल्लाचीला, आंध्रात गोदावरीच्या पट्ट्यात कोको होतो, बराचसा नारळाच्या सावलीत. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलचं मेसन अँड कंपनी, कोचीचं पॉल अँड माइक, हैदराबादचं मनम हे बियांपासून वडीपर्यंत सगळं इथेच करतात. त्यांची चॉकलेटं महाग असतात, म्हणून एकच वडी घे आणि तिचे छोटे तुकडे वेगळ्या बशीत ठेव. ती चव माणसं मुद्दाम थांबून घेतात.

वितळवताना पाणी हा शत्रू समज. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला, ओला चमचा लागला, वाफ बसली, की ते एकदम आळतं आणि रवाळ गोळा होतो. तसं झालंच तर फेकू नकोस. त्यात गरम साय किंवा दूध थोडं थोडं घालून ढवळ, छान सॉस होतो, फक्त बुडवण्यासाठी मग ते उपयोगाचं नाही. म्हणून स्ट्रॉबेरी धुतल्यावर एकेक पुसून पूर्ण कोरडी कर आणि पार्टीच्या दिवशी दुपारीच बुडव. आदल्या रात्री बुडवलेल्या स्ट्रॉबेरीला देठापाशी पाणी सुटतं.

खरं चॉकलेट बुडवायला वापरणार असशील तर नुसतं वितळवून चालत नाही. थंड झाल्यावर त्यावर राखाडी डाग येतात आणि बोटाला चिकटत राहतं. कोको बटर गोठताना त्याचे कण वेगवेगळ्या तऱ्हेने जमतात आणि त्यातल्या एकाच तऱ्हेने चमक आणि टचकन तुटणारा कडकपणा येतो. घरच्या घरी याची सोपी युक्ती अशी. एकूण चॉकलेटचे तीन भाग कर. दोन भाग मंद आचेवरच्या पाण्याच्या भांड्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं तापवून वितळव. उतरव, आणि उरलेला तिसरा भाग बारीक चिरून त्यात घाल. ढवळत राहा. न वितळलेल्या चॉकलेटमधले चांगले कण बाकीच्यांना आपल्यासारखं जमायला लावतात. काळं चॉकलेट ३१-३२ अंशांवर आलं की बुडवायला घे, दुधाचं २९-३० वर. थर्मामीटर नसेल तर सुरीच्या टोकावर थोडं लावून गार जागी ठेव. चार-पाच मिनिटांत चमकदार होऊन घट्ट झालं तर बरोबर. हे नको वाटत असेल तर खुशाल कंपाउंड वापर, तुझ्या आंबापोळीला काही फरक पडत नाही.

ट्रफल तू घरीच कर, विकत आणू नकोस. २०० ग्रॅम काळं चॉकलेट बारीक चिर. १०० ग्रॅम साय, म्हणजे अमूलची पाकिटातली क्रीम, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापव आणि चॉकलेटवर ओत. दोन मिनिटं हात लावू नकोस. मग मधून सुरू करून बाहेर, हळूहळू ढवळ. चिमूटभर मीठ आणि पाव चमचा इन्स्टंट कॉफी घाल. कॉफीची चव वेगळी कळत नाही, चॉकलेट मात्र गडद लागतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी हात गार पाण्याने धुऊन कोरडे करून गोळे वळ. काही कोकोत घोळव, काही बारीक कुटलेल्या चिक्कीत. हेच प्रमाण चॉकलेट आणि क्रीम सारखं घेतलंस की सॉस होतो. सॉसची वाटी गरम पाण्याच्या मोठ्या वाटीत ठेव, नाहीतर गप्पांत तो आळून बसतो.

आता जरा जपून ऐक, कारण पाहुण्यांच्या मनाचा प्रश्न आहे. तुझ्याकडे जैन मैत्रीण येणार आहे, सासूबाई येणार आहेत, खालच्या मजल्यावरचं गोव्याचं कुटुंब येणार आहे, लहान मुलं आहेत. प्रत्येकाने ‘यात काय आहे गं?’ असं दबक्या आवाजात विचारावं लागू नये. छोट्या चिठ्ठ्या करून काडीला लाव, ‘अंडं आहे’, ‘बिनअंड्याचं’, ‘शेंगदाणे’, ‘काजू-बदाम’, ‘रम’. मार्शमेलो आणि चघळायच्या जेली गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटीन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. हिरवा ठिपका असलेलंच पाकीट घे, नाहीतर मार्शमेलो आणूच नकोस, त्याविना काही अडत नाही. केक-बिस्किटांच्या पाकिटावरही हीच खूण बघ. आल्याची पाकवलेली कँडी चॉकलेटशी फार छान जाते, पण जैन मैत्रिणीसाठी ती वेगळ्या वाटीत, तिच्या बाजूला नको. सुंठ तिला चालते का हे आधी विचारून घे, चालत असेल तर थोड्या ट्रफल सुंठेच्या कर. तिला आपल्यासाठी मुद्दाम काही केलं आहे हे कळेल.

रमबॉल तू करणार आहेस, कर, नाताळला ते हवेतच. पण ते बोर्डवर नकोत. उंच शेल्फवर वेगळ्या डब्यात ठेव आणि हवे त्यांना तू स्वतः दे. ते दिसायला ट्रफलसारखेच असतात, आणि मूल चिठ्ठी वाचत नाही. तीन-चार वर्षांची मुलं असतील तर अख्खे शेंगदाणे, काजू त्यांच्या हाताला लागतील असे ठेवू नकोस, घशात अडकतात. द्राक्षं मिळाली तर उभी चिरून ठेव. आणि शेजारचा कुत्रा पार्टीत येतोच म्हणालीस, त्याला त्या संध्याकाळी आत ठेवायला सांग. चॉकलेट कुत्र्याला विषासारखं असतं, काळं तर जास्तच, आणि मनुका-द्राक्षंही. यात संकोच करू नकोस.

सासऱ्यांना साखर आहे म्हणून तू ‘शुगरफ्री’ चॉकलेट यादीत लिहिलं आहेस. त्यात बऱ्याचदा माल्टिटॉल असतं. ते रक्तातली साखर थोडी वाढवतंच आणि चार तुकडे खाल्ले तर पोट बिघडतं. त्यापेक्षा त्यांच्या खुर्चीजवळ एका बशीत ७५ टक्क्यांच्या चॉकलेटचे दोन छोटे तुकडे, भाजलेले बदाम, मखाणे आणि दोन स्ट्रॉबेरी असं नीट मांडून ठेव. सगळ्यांदेखत ‘बाबा, तुम्हाला चालत नाही’ असं म्हणायची वेळ येऊ देऊ नकोस. माणूस दुखावतो, बोलून दाखवत नाही.

आणि उष्टं. आपल्या माणसांत हा विषय आहेच आणि असावाही. एकच सॉसची वाटी आणि अर्धी खाल्लेली स्ट्रॉबेरी पुन्हा त्यात, हे सासूबाईंच्या नजरेतून सुटणार नाही, आणि त्यांचं काही चुकतही नाही. मोठ्या वाटीत पळी ठेव आणि शेजारी चटणीच्या असतात तशा छोट्या वाट्या रचून ठेव. ज्याने त्याने सॉस स्वतःच्या वाटीत घ्यावा. फळांना काड्या टोचून ठेव, सुक्या गोष्टींना दोन छोटे चिमटे. बोर्डच्या दोन्ही बाजूंना बशा आणि कागदी रुमाल. सुरुवात तू स्वतः कर, वाटीत सॉस घे, काडीने फळ उचल. पाहुण्यांना कसं घ्यायचं ते आपोआप कळतं.

किती आणायचं? जेवणानंतर असेल तर माणशी १०० ग्रॅम सगळं मिळून पुरतं. पंधरा जणांना दीड किलो. त्यात चॉकलेट, ट्रफल, सॉस, फज धरून ६००-७०० ग्रॅम, बाकी फळं, खारी, चिक्की, सुकामेवा. ब्राउनी ठेवायची असेल तर एकच, छोट्या चौकोनात. केक आणि कुकीज काढून टाक, खरंच. चहाच्या वेळी बोलावलं असतंस तर माणशी १५० ग्रॅम सांगितलं असतं.

बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. लाकडी पाट चालेल, मोठी परात चालेल, संगमरवरी पोळपाट तर सर्वांत छान, कारण तो गार राहतो. फक्त जिच्यावर तू रोज कांदा-लसूण चिरतेस ती पाटी वापरू नकोस. चॉकलेट वास ओढून घेतं. त्याचमुळे चॉकलेटचा डबा मसाल्याच्या कपाटात नको, हिंगाच्या डबीजवळ तर अजिबात नको. पॉलिश केलेल्या लाकडावर बटर पेपर घाल. वर्तमानपत्र कधीही नको, शाई अन्नाला लागते. सजावटीला फुलं हवी असतील तर कुंडीतल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या, पुदिन्याची पानं. फुलवाल्याकडच्या फुलांवर फवारणी असते. नाताळात सगळीकडे दिसणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया टेबलावर शोभतं, पण बोर्डवर ठेवू नकोस, त्याचा चीक त्रास देतो.

मांडताना दिवाळीच्या फराळाचं ताट आठव. आई आधी वाट्या ठेवायची, मग लाडू-करंज्या, आणि चिवडा शेवटी जागा बघून. तसंच कर. आधी वाट्या, एकीत सॉस, एकीत पेराड, एकीत खारे दाणे. त्या एका रांगेत नकोत, तिरक्या. मग चॉकलेटचे मोठे तुकडे दोन-तीन ठिकाणी विभागून, कारण सगळे एका बाजूला ठेवलेस तर सगळी माणसंही एकाच बाजूला गर्दी करतात. मग फळं. ओली फळं बिस्किटांना आणि खारीला चिकटू देऊ नकोस, अर्ध्या तासात खारी मऊ पडते. मध्ये ट्रफलची नाहीतर चिक्कीची भिंत घाल. शेवटी मखाणे आणि काजू मोकळ्या जागांत. केळी, सफरचंद घालणार असशील तर अगदी आयत्या वेळी चिर आणि लिंबाच्या पाण्यातून काढ. माझ्या मते केळी वगळलीस तरी चालेल.

मुलांसाठी एक गंमत सुचवते. हॉलंडमध्ये ५ डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या सणाला मुलांना त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं करून देतात. तू कंपाउंड प्लास्टिकच्या पिशवीत भर, टोक बारीक काप आणि बटर पेपरवर प्रत्येक मुलाचं अक्षर जाडसर काढ. ‘क्ष’ नावाचं मूल असलं तर तुझी परीक्षा आहे, पण देवनागरीत काढ. मुलं आपलं अक्षर शोधत बोर्डभर फिरतील आणि मोठ्यांच्या ट्रफलना हात लावायला विसरतील.

ठाण्याची हवा लक्षात घे. डिसेंबरात दुपारी पारा तिशीपर्यंत जातोच, आणि पंधरा माणसं, दिवे, बंद खिडक्या यांनी हॉल आणखी तापतो. एसी असेल तर पाहुणे यायच्या आधी तासभर लाव. मेणबत्त्या आणि पणत्या बोर्डपासून हातभर लांब. चॉकलेट फ्रिजमधून थेट काढून मांडू नकोस. उघड्या गार चॉकलेटवर हवेतलं पाणी जमतं, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट खडबडीत डाग राहतात. घट्ट झाकणाच्या डब्यातच बाहेर काढ, डबा न उघडता अर्धा-पाऊण तास खोलीत ठेव, मग उघड. फार गार चॉकलेटला चवही कमी लागते. सॉस आणि ओली फळं सोडून बाकी सगळं तासभर आधी मांडून, वर स्वच्छ ओढणी टाकून ठेवता येतं.

कामाची वाटणी अशी कर. दोन दिवस आधी बाजार आणि चिठ्ठ्या. आदल्या दिवशी आंबापोळी बुडवणं, ट्रफलचं मिश्रण, मखाणे. त्या दिवशी सकाळी ट्रफल वळणं, संत्र्याच्या फोडी वाळवणं, दुपारी फळं बुडवणं. सहा वाजता तू आंघोळ करून, साडी नेसून तयार असायला हवीस. पाहुणे आले आणि यजमानीण स्वयंपाकघरात कपाळाचा घाम पुसत चॉकलेट ढवळते आहे, हे मला अजिबात आवडत नाही. जावईबापूंना मांडणीला हाताशी घे, त्यांना सरळ रेषा छान जमतात, तिरक्या वाट्या तू ठेव.

खालच्या गोव्याच्या वहिनी नक्कीच काही ना काही घेऊन येतील. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे कुस्वारचं ताट पाठवायची रीत आहे. नेवऱ्या, दोस, कुलकुलं, बॉलिनास, दोदोल. त्यांचं ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेवू नकोस, बोर्डच्या शेजारी सन्मानाने मांड. दोदोल तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाच्या दुधाचं असतं, त्यात चॉकलेट नसतं, पण ७५ टक्क्यांच्या चॉकलेटबरोबर ते एकदा खाऊन बघ. आणि त्यांचं ताट रिकामं परत करायचं नाही, हे तुला सांगायला नको. त्यात आंबापोळीच्या पट्ट्या आणि ट्रफल घाल.

उरलेल्या स्ट्रॉबेरी दुसऱ्या दिवशी दुधात फिरव. तुटकं चॉकलेट, उरलेले काजू-शेंगदाणे आणि चिक्कीचा चुरा एकत्र वितळवून चमच्याने बटर पेपरवर गोळे घाल, आठवडाभर डब्याला पुरतील. सॉस फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो, गरम दुधात दोन चमचे घातला की रात्रीचं हॉट चॉकलेट होतं. खारी मात्र त्याच रात्री संपव. आणि नवी यादी करून मला उद्या पाठव, मी बघून देते.